इव्हो, एसटीआय आणि सोळाशे मीटर उंचीवरचे घर

मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन आणि सुबारूची इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय यांची तुलना करणारे लेख फिरून फिरून एकाच निष्कर्षावर येतात: इव्हो अधिक धारदार, एसटीआय अधिक सोशिक. निष्कर्ष खोटा नाही. मात्र ही मते बहुधा समुद्रसपाटीजवळच्या कोरड्या ट्रॅकवर, उन्हाळी टायर तापल्यानंतर बनलेली असतात. २००६ मध्ये मला या दोहोंपैकी एक गाडी घ्यायची होती तेव्हा मी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरला राहत होतो. तिथे विधानभवनाच्या पायरीवर समुद्रसपाटीपासून एक मैल, म्हणजे सुमारे १,६०९ मीटर उंचीची खूण कोरलेली आहे, ऑक्टोबरपासून मेपर्यंत केव्हाही बर्फ पडू शकतो आणि पेट्रोल पंपावर ९१ च्या वरचे ऑक्टेन (दाबाखाली वेळेआधी न पेटण्याच्या पेट्रोलच्या गुणाचे माप) सहसा मिळत नाही. ट्रॅकवर ठरलेला निकाल या ठिकाणी कितपत टिकतो, हाच माझ्यापुढचा खरा प्रश्न होता.

दुसरे पर्याय नव्हते असे नाही. मराठी मंडळींकडे जेवायला गेले की ‘कॅम्री घे, डोळे झाकून घे’ हा सल्ला श्रीखंडाबरोबर वाढला जाई आणि तो देणाऱ्यांच्या दारात खरोखरच कॅम्री उभी असे. ऑडीची एस-फोर मनात भरण्यासारखी होती. पण तिच्या व्ही-एट इंजिनाची किंमत ऐकल्यावर ती मनातच ठेवावी लागली. चार चाकांना ताकद देणारी, चार दारांची, मागे लहान मुलीची खुर्ची बसवता येईल अशी आणि तरीही चालवताना काहीतरी वाटेल अशी गाडी ३२-३३ हजार डॉलरच्या आसपास हवी, असे म्हटले की त्या वर्षी यादी आपोआप या दोन नावांवर येऊन थांबत होती. दोन्ही गाड्या फक्त हाताने गिअर टाकण्याच्या. आमच्या अनेक अमेरिकन मित्रांना हीच अट जाचक वाटली असती. कात्रजच्या चढावर क्लच शिकलेल्या आम्हा नवराबायकोला तिचे काही वाटले नाही.

या दोघींचे मूळ रॅलीत आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय त्यांचा विक्षिप्तपणा समजत नाही. जागतिक रॅलीच्या ‘ग्रुप ए’ नियमानुसार जी गाडी स्पर्धेत उतरवायची तिच्यासारख्या किमान २,५०० गाड्या रस्त्यावर विकण्यासाठी बनवाव्या लागत. त्या सक्तीपोटी १९९२ मध्ये इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आणि लान्सर इव्होल्यूशन या दोन्ही मालिका सुरू झाल्या. पुढची दहा-बारा वर्षे त्यांनी एकमेकींना पाण्यात पाहिले. सुबारूने १९९५, १९९६ आणि १९९७ अशी सलग तीन वर्षे उत्पादकांचे विजेतेपद मिळवले. मित्सुबिशीच्या टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षे चालकांचे. म्हणजे सर्वांत सामान्य दिसणाऱ्या दोन जपानी कौटुंबिक गाड्यांच्या पोटात, केवळ नियमाची पूर्तता म्हणून, शर्यतीची यंत्रणा बसवली गेली होती.

पुण्यातल्या वाचकांना यातली अर्धी गोष्ट ओळखीची वाटेल. हिंदुस्तान मोटर्सने १९९८ पासून चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरला लान्सर बनवायला घेतली आणि डॉक्टर, बिल्डर, कारखानदार यांच्या दारात ती दिसू लागली. मॅकिनेनने १९९७ ते १९९९ या काळात ज्या इव्हो पळवल्या त्यांचे मूळ शरीर याच लान्सरचे. पुढे २००६ मध्ये भारतात सीडिया आली, तिचे शरीर मी पाहत असलेल्या इव्होच्याच पिढीचे होते. मी फोनवर भावाला इव्होचे वर्णन करत होतो तेव्हा तो सगळे ऐकून घेऊन म्हणाला, “म्हणजे सीडियाच की! मग एवढे पैसे कशाला मोजतोस?” बाहेरून पाहिले तर त्याचे म्हणणे बिनतोड होते. फरक होता तो सगळा पत्र्याखाली.

कागदावरचे आकडे मी लवकर बाजूला सारले, कारण त्यांतून निर्णय निघत नव्हता. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या इव्होच्या नवव्या आवृत्तीचे दोन लिटरचे इंजिन २८६ अश्वशक्ती देई, तर एसटीआयचे अडीच लिटरचे इंजिन ३००. दोघीही थांबलेल्या अवस्थेतून ताशी ६० मैलांचा वेग पाचेक सेकंदांत गाठत. दोघींना ब्रेम्बोचे ब्रेक, दोघींच्या डिकीवर टेबलाएवढा पंख. वजनात इव्हो थोडी हलकी. एका मासिकाची चाचणी तिच्या बाजूने निघे, दुसऱ्याची हिच्या. आणि दोन्हींतला फरक सेकंदाच्या दशांशात असे, जो ऑफिसला जाणाऱ्या माणसाच्या आयुष्यात कधीच उगवत नाही.

आकड्यांखालची रचना मात्र मुळातून वेगळी होती आणि मला तिथे रमायला झाले. सुबारूचे इंजिन बॉक्सर: चार सिलिंडर दोन-दोन करून समोरासमोर आडवे पहुडलेले, त्यामुळे त्याचे वजन जमिनीजवळ राहते. ते गाडीच्या लांबीत बसवलेले असून त्याच रेषेत गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांकडे जाणारा दांडा आहे; डावी-उजवी बाजू जवळपास सारखी. एक्झॉस्टच्या नळ्या कमीजास्त लांबीच्या असल्यामुळे ही गाडी उभी असताना जो अडखळत गुरगुरणारा आवाज येतो, तो एकदा ऐकला की गल्लीच्या टोकावरूनही ओळखू येतो. इव्होचे फोर-जी-सिक्स्टी-थ्री हे इंजिन उभे आणि रुंदीत बसवलेले, ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचे, जुन्या घडणीचे, पण सोसण्याची ताकद जबर. ते टर्बोकडून, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याकडून, एकोणीस-वीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे माप) आसपास दाब घेते. एसटीआय साडेचौदाच्या आसपास समाधानी असते. म्हणजे इव्हो लहान इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद काढते, तर एसटीआय मोठ्या इंजिनात कमी हवा कोंबून. ही गोष्ट वाचताना मला ती तपशिलाची वाटली होती. डोंगरात तीच मुख्य ठरली.

चार चाकांना ताकद वाटण्याच्या पद्धतीतही दोन घराण्यांचे स्वभाव दिसतात. एसटीआयमध्ये हँडब्रेकजवळ एक लहान चाक असते. ते अंगठ्याने पुढेमागे फिरवले की पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला डिफरेन्शिअल किती घट्ट धरायचा हे चालक स्वतः ठरवतो: पूर्ण मोकळा सोडला तर २००६ च्या गाडीत ताकदीचा ४१ टक्के भाग पुढे आणि ५९ टक्के मागे जातो, गाडी वळणात शेपटी हलवायला मोकळी होते, पूर्ण आवळला तर पुढची-मागची चाके एकत्र बांधल्यासारखी फिरतात आणि चिखलात-बर्फात गाडी सरळ ओढली जाते. तंबोऱ्याचा मणी सरकवत सूर जुळवावा, तसा हा प्रकार आहे, आणि तंबोऱ्याप्रमाणेच, ज्याला कान नाही त्याच्या हाती तो देण्यात अर्थ नाही. त्यासाठी ‘ऑटो’ ठेवलेले आहे.

इव्होमध्ये चालकाला एवढे स्वातंत्र्य नाही. एक बटण आहे आणि त्याच्या तीन अवस्था: डांबर, खडी, बर्फ. बाकी सगळे हायड्रॉलिक दाबाने चालणारा, अनेक चकत्यांचा मधला क्लच आणि त्यामागचा संगणक पाहून घेतो. स्टिअरिंग किती वळले आहे, पाय किती दाबला आहे, ब्रेक लागला आहे का, हे वाचून तो क्षणोक्षणी पकड बदलतो. हँडब्रेक ओढला की तोच क्लच आपोआप सुटतो, म्हणजे खडीच्या तीव्र वळणावर गाडी मागून फिरवता यावी. ही सोय मला कधी लागणार नव्हती, पण कोणीतरी ती माझ्यासाठी विचारपूर्वक ठेवली आहे, याचा आनंद मात्र झाला. वाहनप्रेमाचा बराचसा भाग अशा न लागणाऱ्या सोयींवर पोसलेला असतो.

एका गोष्टीत दोघी सारख्याच होत्या. घसरण सुरू झाली की स्वतःहून एकेक चाकाचा ब्रेक लावून गाडी सावरणारी यंत्रणा त्या वर्षीच्या अमेरिकन इव्होत नव्हती आणि एसटीआयमध्येही नव्हती. एबीएस होते, त्यापुढे तुम्ही आणि तुमचे टायर.

टेस्ट ड्राइव्ह हा या किमतीच्या गाड्यांत कटकटीचा विषय असतो. नवी इव्हो किंवा एसटीआय मागायला येणाऱ्यांत घेणारे थोडे आणि मजा लुटणारे फार, हे विक्रेत्यांना ठाऊक असते. एका डीलरने तर आधी कर्जाची पात्रता तपासू द्या, मग किल्ली मिळेल, असे सुनावले. शेवटी दोन्ही गाड्या थोड्याफार फरकाने एकाच रस्त्यावर चालवायला मिळाल्या, तो म्हणजे गोल्डन गावातून लुकआउट मौंटनवर चढणारा घाट. वर बफेलो बिलची कबर आहे, खाली गावाचे आणि पलीकडे डेन्व्हरचे दर्शन, आणि मध्ये एकापाठोपाठ एक मुरडणारी वळणे, त्यांत सायकलस्वारांची गर्दी. जोरात चालवायचा हा रस्ता नव्हे. पण गाडीचे स्टिअरिंग काय सांगते, हे ऐकायला ताशी पंचवीस मैल पुरेसे असतात.

आणि तिथे इव्होने मला थक्क केले. तिच्या स्टिअरिंगचे गुणोत्तर १३ ला १ आहे, म्हणजे नेहमीच्या सेडानच्या मानाने फार जलद. पहिल्या वळणावर मी सवयीने जेवढे चाक फिरवले तेवढे फिरवायचे कारणच नव्हते, गाडी माझ्या आधी वळली. दुसऱ्या वळणापासून हात जागचे हलवावे लागले नाहीत. रस्त्यावरची खडी, डांबराचे जोड, सावलीतला ओलावा, सगळे तळव्यांपर्यंत येत होते. पुढची चाके जिकडे म्हणावे तिकडे जातात आणि मागची चाके तक्रार न करता त्यांच्यामागे येतात, असा अनुभव मला त्यापूर्वी कुठल्याही गाडीने दिला नव्हता. शेजारी बसलेला विक्रेता खिडकीबाहेर पाहत शांत बसला होता. गाडी स्वतःची जाहिरात करत असताना मध्ये बोलू नये, एवढी जाण त्याला होती.

त्यानंतर एसटीआय चालवली तेव्हा ती क्षणभर सुस्त वाटली. स्टिअरिंगला थोडा अधिक फेर, वळणात शिरताना पुढच्या भागाची किंचित नाखुशी, आणि मग मध्यावर पाय दाबला की मागून येणारा भरघोस धक्का. गिअर टाकताना हाताला येणारा लोखंडी खटका मात्र इव्होपेक्षा मला आवडला. घाटापुरतेच बोलायचे तर निकाल स्वच्छ होता. त्या दिवशी करार करायला कोणी कागद पुढे केला असता तर मी इव्होवर सही केली असती.

कागद पुढे झाला नाही, कारण अजून डोंगर बाकी होता. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडे आदल्या वर्षीची इव्हो होती; त्याच्याबरोबर मी लव्हलँड पासला गेलो. हमरस्ता क्रमांक ७० तिथे आयझेनहॉवर बोगद्यातून डोंगराखालून निघून जातो, पण ज्वालाग्राही माल वाहणाऱ्या टँकरना बोगद्यात बंदी असल्यामुळे त्यांना ३,६५५ मीटर उंचीच्या या खिंडीवरूनच जावे लागते. साहजिकच चढावर पुढे एक टँकर, त्याच्यामागे आपण, आणि मधूनच ओलांडायला मिळणारा सरळ तुकडा, असा हा प्रवास असतो. खिंडीच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ३५ टक्के कमी असतो. डेन्व्हरमध्येच तो सतरा टक्क्यांच्या आसपास कमी. साध्या इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात घटते. टर्बो जास्त वेगाने फिरून बरीचशी भरपाई करतो, पण त्याला तो वेग गाठायला वेळ लागतो, आणि तो वेळ विरळ हवेत वाढतो.

टँकरमागे तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना, समोरचा रस्ता मोकळा दिसताच सहकाऱ्याने पाय दाबला, आणि काहीच झाले नाही. इंजिन फिरत होते, गाडी जात होती, पण जिची ख्याती ऐकली होती ती इव्हो कुठेतरी मागे राहिली होती. मग इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला साडेतीन-चार हजारांच्या पुढे गेला आणि ती एकदम येऊन पोचली. त्याला हे सवयीचे होते. “इथे आधी गिअर उतरवायचा, मग विचार करायचा,” तो म्हणाला. लहान इंजिन टर्बोवर जितके अधिक विसंबून असेल तितका हा पोकळ भाग उंचीवर लांबतो, आणि इव्होचा सगळा डौल त्या विसंबण्यावर उभा आहे. एसटीआयमध्ये तो पोकळ भाग नाही असे नाही, पण अडीच लिटरचे आकारमान टर्बो जागा होईपर्यंत घर सांभाळते. त्याच चढावर एसटीआय नंतर चालवली तेव्हा ती कमी चमकदार आणि जास्त हजर होती.

सुबारूच्या बाजूने एवढे सांगितल्यावर तिची उणीवही सांगायला हवी. टर्बोतून येणारी तापलेली हवा गार करणारा तिचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला आहे आणि बोनेटवरच्या स्कूपमधून त्याला वारा मिळतो; टँकरमागे रेंगाळताना वारा नसतो, खालून इंजिनाची धग मात्र असते. त्यासाठी डिकीत पाण्याची एक टाकी आणि डॅशबोर्डवर एक बटण दिलेले आहे. ते दाबले की इंटरकूलरवर पाण्याचा फवारा उडतो. इव्होचा इंटरकूलर पुढच्या बंपरमागे थेट वाऱ्यात उभा असल्यामुळे तिला इंजिनाची ही धग तेवढी सोसावी लागत नाही. अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर मित्सुबिशीचीच मांडणी सरस.

पेट्रोलचा प्रश्न याच उंचीशी जोडलेला आहे. कोलोरॅडोत पंपावरचे साधे पेट्रोल ८५ ऑक्टेनचे असते, कारण विरळ हवेत साध्या इंजिनाच्या सिलिंडरमधला दाब कमी भरतो आणि कमी ऑक्टेन चालून जाते. टर्बोचे इंजिन मात्र कमी पडलेला दाब भरून काढते, म्हणून त्याला ही सवलत लागू होत नाही. ऑक्टेन अपुरे असेल तर त्याचा संगणक ठिणगीची वेळ मागे ओढतो आणि पैसे मोजून घेतलेली ताकद गुपचूप परत घेतो. पूर्वेकडच्या अनेक राज्यांत ९३ मिळते, इथे ९१ वर भागवावे लागते, आणि जिचा दाब जास्त, संपीडनाचे गुणोत्तर जास्त (इव्होचे ८.८, एसटीआयचे ८.२) तिला ही काटकसर अधिक बोचते. भारतीय वाचकांनी यातील ९१ ची आपल्या पंपावरच्या आकड्याशी गल्लत करू नये. अमेरिकेतला आकडा वेगळ्या रीतीने काढतात. तिथले ९१ म्हणजे आपल्या मापाने साधारण ९५-९६.

बर्फाविषयी बोलताना डेन्व्हरमधले नवखे लोक ‘फोर व्हील आहे ना, मग काळजी नाही’ असे म्हणतात, आणि पहिल्या मोठ्या हिमवृष्टीनंतर हमरस्त्याच्या दुभाजकात रुतलेल्या वाहनांत अशा ‘फोर व्हील’वाल्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी असते. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी निघते. थांबण्यासाठी त्या ताकदीचा काहीही उपयोग नाही, तिथे रबर आणि रस्ता एवढेच दोघे असतात. या दोन्ही गाड्या कारखान्यातून येतानाच उन्हाळी टायरवर येत, इव्हो योकोहामाच्या आणि एसटीआय ब्रिजस्टोनच्या, आणि साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली ते रबर कडक पडू लागते. तेव्हा हिवाळी टायरचा दुसरा संच किमतीत धरूनच चालावे लागे. त्यातही एक खाच होती: ब्रेम्बोचे कॅलिपर एवढे मोठे की त्यांवर सोळा इंची चाक बसत नाही, म्हणजे बर्फासाठी लहान आणि स्वस्त चाके घ्यायची नेहमीची युक्ती बंद. सतरा इंची चार चाके आणि चार टायर यांचा आकडा ऐकून बायको म्हणाली, “म्हणजे आपण सव्वा गाडी घेतोय.” हिशेब बरोबर होता, आणि दोन्ही गाड्यांना सारखाच लागू असल्याने त्याने कोणाचेच पारडे झुकले नाही.

पारडे झुकवले ते ज्याचा मासिकांत उल्लेख ओझरता असतो अशा गोष्टींनी. इव्होच्या पाच गिअरच्या गाडीत ताशी ७५ मैलांवर इंजिन साडेतीन हजारांच्या आसपास फिरत असते, एसटीआयच्या सहाव्या गिअरमध्ये तीन हजारांच्या आसपास. पाचशे फेऱ्यांचा हा फरक लुकआउट मौंटनवर जाणवत नाही. पण बहिणीकडे कॅन्ससला जाताना दिवसभर सरळ रेषेत चालवायचे असेल तर तो कानात बसतो. इव्होच्या महाग ‘एमआर’ आवृत्तीत सहा गिअर होते खरे, पण सहाव्यातही फेरे फारसे उतरत नव्हते. ते सहा गिअर वेगासाठी होते, शांततेसाठी नव्हे. इव्होची पेट्रोलची टाकी ५३ लिटरची, एसटीआयची ६० लिटरची. दोघी पेट्रोल सारख्याच खात असल्यामुळे इव्होवाल्याला पंपावर लवकर जावे लागे, आणि पश्चिम कॅन्ससमध्ये पंप मागितल्यावर मिळत नाही. इव्होला वळायला जागाही फार लागते. आमच्या घरासमोरच्या अरुंद गल्लीत जी गाडी एका दमात फिरायला हवी ती तिच्यात मागेपुढे करून फिरवावी लागली असती.

त्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली होती. इव्होच्या पुढच्या रेकारो सीटला दोन्ही बाजूंनी उंच कडा आहेत, वळणात माणूस हलू नये म्हणून. नऊवारी नव्हे, साधे पाचवारी नेसलेल्या साठी ओलांडलेल्या बाईला त्या कडेवरून आत सरकणे आणि मग बाहेर निघणे म्हणजे काय कसरत आहे, हे शोरूममध्ये सर्वांसमक्ष सिद्ध झाले. एसटीआयच्या सीटही शर्यतीच्याच, पण थोड्या दयाळू. “हिच्या पाठीवर हा पाट कशाला ठेवलाय रे?” असे आईने तिच्या पंखाबद्दल विचारले, मी वायुगतिकी समजावू लागलो, तेव्हा तिने “बरं बरं” म्हणून तो विषय संपवला. डिकी दोन्हींची लहान आणि दोन्हींत मागची सीट पाडून लांब सामान ठेवायची सोय नाही. एसटीआयच्या दारांना काचेभोवती चौकट नसल्याने हमरस्त्यावर वाऱ्याचा थोडा आवाज येतो आणि कडक थंडीच्या सकाळी काच रबराला चिकटून बसते. दार ओढायच्या आधी कडेकडेने हलक्या हाताने बर्फ मोकळा करावा लागतो. हे सगळे आधी माहीत करून घेतले होते.

कंपन्यांच्या प्रकृतीचाही विचार केला, जो मी टीव्ही-फ्रिज घेताना कधी करत नाही. अमेरिकेत सुरुवातीला पैसे नाहीत, व्याज नाही, वर्षभर हप्ता नाही, अशा कर्जांवर गाड्या विकून मित्सुबिशीला मोठी झळ बसली होती आणि २००४ मध्ये डेमलर-क्राय्सलरने तिला आणखी भांडवल द्यायला नकार दिला होता. सुबारूचेही घर बदलत होते; जनरल मोटर्सने २००५ मध्ये आपला वाटा विकला आणि त्यातला काही टोयोटाने घेतला. तरी कोलोरॅडोत दर चौथ्या वळणावर एक सुबारू दिसते, गावोगाव तिचा मिस्त्री आहे. देखभालीत टायमिंग बेल्टचा फरक ठळक होता: इव्होचा ६० हजार मैलांवर बदलायचा, एसटीआयचा १,०५,००० वर. दोन्ही इंजिने अशी, की बेल्ट तुटला तर वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, म्हणून यात चालढकल परवडत नाही.

मी निळी एसटीआय घेतली. चालवायला सरस गाडी इव्होच होती, आणि हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. सहकाऱ्याने हे वाक्य माझ्याकडून इतक्यांदा वदवून घेतले की शेवटी त्याला त्यात गंमत वाटेनाशी झाली. पण ज्या पाच-दहा मिनिटांत इव्हो सरस होती ती मला आठवड्यातून एखादेवेळी मिळणार होती, आणि बाकीच्या वेळात टर्बो जागा होण्याची वाट पाहत, साडेतीन हजारांचा आवाज ऐकत, पंप शोधत बसायचे होते. माझे घर न्यू जर्सीत असते, पंपावर ९३ असते आणि हवा पुरी असती, तर यातली निम्मी कारणे गळून पडली असती आणि मी बहुधा लाल इव्हो घेतली असती.

आता दोन्ही मालिका संपल्या आहेत. इव्होची दहावी आवृत्ती २०१५ मध्ये १,६०० गाड्यांच्या शेवटच्या अमेरिकन तुकडीने थांबली आणि नव्या पिढीची एसटीआय काढणार नसल्याचे सुबारूने २०२२ मध्ये जाहीर केले. त्यामुळे आज हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना तो जुन्या गाड्यांच्या बाजारातच सोडवावा लागतो, आणि तिथे तुलनेची रीत बदलते. मला कोणी विचारले तर मी आधी इव्हो की एसटीआय हे ठरवूच नका म्हणतो. कारखान्यातून आली तशी राहिलेली गाडी शोधा, कारण या दोन्हींच्या मालकांना टर्बो बदलण्याची आणि संगणकाचे आकडे वाढवण्याची भारी हौस. बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागा. चारही सिलिंडरचा दाब मिस्त्रीकडून मोजून घ्या, आणि एखाद्याचा बाकीच्या तिघांशी जुळत नसेल तर रंग कितीही आवडला असला तरी निघून या. हे सगळे पार करून दोन्ही गाड्या उरल्याच, तर मग तुमचे घर किती उंचीवर आहे ते मला कळवा.